विहीर की वस्ती

पत्रांना उत्तर न देणारी माणसं दोन प्रकारची असतात, असं बलभीम सरवदेचं मत होतं. काहींना सांगण्यासारखं काही नसतं. आणि काहींना जे सांगायचं असतं ते एवढं थोडकं असतं, की त्याला पोस्टाचं तिकीट लावायची लाज वाटते. बलभीम दुसऱ्या प्रकारातला. निदान त्याला तसं वाटे. त्याची मतं सकाळी अकराला पक्की असत आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्यांना शंकांचे धुमारे फुटत.

ते पत्र त्याला १९८३च्या मार्चात आलं आणि पुढचं वर्षभर एका पुस्तकात पडून राहिलं. पुस्तक अमेरिकेत छापलेलं, निळ्या पुठ्ठ्याचं, उशीएवढं जाड. मुंबईच्या ज्या गणकयंत्र केंद्रात बलभीम नोकरीला होता, तिथलं ओळीनं मांडलेल्या लोखंडी कपाटांसारखं दिसणारं यंत्र कामाला कसं लावावं, हे त्यात सांगितलं होतं. बाकीची माणसं असली पुस्तकं अडलं म्हणजेच उघडत. बलभीम ती एखादी कादंबरी वाचावी तशी वाची, मधेच थांबून खिडकीबाहेर बघत, आवडलेली ओळ पुन्हा वाचत. त्याचं लग्न उशिरा झालं त्याला हेही एक कारण असावं.

पत्र होतं त्याच्या चुलतीचं, कडूबाई काकूंचं. ईटच्या पुढं दोन कोसांवर खैरमाळ नावाचं गाव आहे, तिथून आलेलं. काकूंना लिहिता येत नसे. त्यांनी सांगितलं होतं आणि वस्तीवरच्या श्रीपतीनं लिहिलं होतं. श्रीपती ग्रामपंचायतीत शिपाई होता, त्यामुळं त्याच्या हातून उतरलेलं पत्र थोडं नोटिशीसारखं वाटे.

'चि. बलभीमास कडूबाईचा जय भीम. कारणे पत्र की, टँकर येतो. गावच्या हिरीत वततो. वस्तीवर येत न्हाय. म्हैस इकली. ड्रायव्हर म्हणतो कागदात वस्ती न्हाय. कागद मुंबईच्या मशीनीतनं येतो. तू मशीनीवर हाइस, तुझा बाप शेवटपतुर सांगत हुता. तर इचारायचं हे की, मशीनीला आपली वस्ती ठावं हाय का? गुडघा बरा हाय. उत्तर धाडणे.'

विहीर गावाच्या मधोमध. वस्ती ओढ्यापलीकडं, अर्ध्या कोसावर. विहिरीवर कुणी कुणाला अडवत नसे. काळ बदलला होता, कायदाही होता. फक्त टँकर रिता झाल्यावर आधी कुणाचा पोहरा विहिरीत जाणार याला काही कायदा नव्हता. वस्तीच्या बायकांची पाळी येईपर्यंत तळाशी गाळ उरे. त्या गाळाच्या दोन घागरी घेऊन त्या ओढा उतरत.

हे सगळं बलभीमला ठाऊक होतं. पण उत्तर लिहिता येत नव्हतं ते त्यामुळं नाही.

त्याचं काम असं. दुष्काळी तालुक्यांतल्या टँकरच्या फेऱ्यांचा आठवड्याचा तक्ता तेव्हा मुंबईत यंत्रावर होऊ लागला होता. टंचाई कक्षाकडून कागद येत. टर्मिनलवर बसणाऱ्या बाई एकेका गावासाठी एकेक ओळ टाइप करत. त्या ओळीतल्या कुठल्या शब्दाचा अर्थ काय घ्यायचा, हे यंत्राला समजावून देणं बलभीमच्या वाट्याला आलं होतं. असेम्ब्लर नावाच्या भाषेत, म्हणजे यंत्राच्या पायाशी बसून, त्याच्या कानात एकेक गोष्ट सांगावी अशा भाषेत.

'टँकर' हा हुकूम. त्याच्यापुढं गावाचं नाव. ते जागच्या जागीच यायला हवं, बोहल्यावर नवरदेव यावा तसं. त्यानंतरचे शब्द मात्र वऱ्हाडासारखे. कुणी आधी येवो, कुणी मागाहून, यंत्र त्यांना जागेवरून नाही तर नावावरून ओळखी. फेऱ्या किती, तातडी आहे का, पाणी कुठं ओतायचं. अशा शब्दांना कीवर्ड म्हणत, आणि प्रत्येकाची यंत्राशी आधी ओळख करून द्यावी लागे: हा आला तर अमुक समज, त्याच्याऐवजी तो आला तर तमुक. बलभीमला या प्रकाराचं फार अप्रूप होतं. आपल्या गावची माणसं अशीच तर बोलतात, त्याला वाटे. कुठूनही सुरुवात करतात, टँकरवरून म्हशीवर आणि म्हशीवरून गुडघ्यावर येतात, आणि ऐकणारा नेमकं उचलतो. त्या परदेशी पुस्तकाच्या लेखकानं कधीतरी भूमच्या बाजारात एखादा दिवस काढला असला पाहिजे.

पाणी कुठं ओतायचं, यासाठी त्यानं दोन शब्द बसवले होते. विहीर किंवा वस्ती. रोमन लिपीत दोन्हींची सुरुवात एकाच अक्षरानं होई, त्यामुळं एका अक्षरावर भागत नसे. बाईंना निदान दोन तरी टाइप करावी लागत. एका दिवसात चारशे गावं. बाईंनी तिसरा मार्ग काढला. त्या काहीच टाइप करत नसत.

आणि काहीच टाइप केलं नाही तर? पुस्तकानं त्याचीही सोय केली होती. कीवर्डची ओळख करून देताना एक कोपरा रिकामा असे. बोलणारा गप्प राहिला तर काय समजायचं ते, हवं असेल तर, तिथं लिहून ठेवायचं. बलभीमनं तिथं 'विहीर' लिहिलं. का लिहिलं, हे नंतर पुष्कळ आठवूनही त्याला आठवेना. जेवणाची वेळ झाली होती. प्रत्येक गावाला विहीर असतेच, असं काहीसं मनात आलं असावं. ज्यानं सतरा वर्षं ओढ्यात उकरलेल्या झिऱ्याचं, वाटीवाटीनं भरलेलं पाणी प्यायलं होतं, त्याच्या मनात हे आलं. मग त्यानं डबा खाल्ला, वर गार पाणी प्यायला, आणि चारशे गावांचं पाणी विहिरीकडं वळलं.

मशीनला आपली वस्ती ठाऊक आहे का? आहे, काकू. बलभीमनंच तिची ओळख करून दिली होती, आणि शेजारच्याच ओळीत, कुणी काही बोललं नाही तर तिच्याकडं बघू नकोस, असंही सांगून ठेवलं होतं. आता हे आंतरदेशीय पत्रावर कसं लिहायचं? एकदा त्यानं सहा पानांचा मसुदा केला. त्यात चार पानं तळटिपा होत्या. एकदा नुसतं 'पाहतो' असं लिहिलं आणि तो शब्द इतका सरकारी वाटला की स्वतःचीच भीती वाटून फाडून टाकलं.

शेवटी दुसऱ्या वर्षीचाही पाऊस हुलकावणी देऊन गेल्यावर तो माणिकप्पा साहेबांकडं गेला. साहेब त्याच्याच जिल्ह्यातले, उमरग्याकडचे. बोलताना क्रियापदं अशी लांबवत, की समोरच्याला तेवढ्या वेळात राजीनामा लिहिता यावा.

"एक शब्द बदलायचाय, साहेब."

"एक शब्द?" साहेब म्हणाले. "सरवदे, एका शब्दानं ठरलेलं लगीन मोडतंय."

मग त्यांनी कपाटातून दोन पॅड काढली. गुलाबी पॅड म्हणजे ज्याचं काम आहे त्याची मागणी. ग्रामपंचायतीचा ठराव, मग तालुका, मग जिल्हा, मग टंचाई कक्ष, आणि मग ती इथं येणार. दुसरं पिवळं. त्यावर छापलं होतं, 'बदलाचे कारण: प्रोग्रामरची चूक'. त्याला ठराव लागत नव्हता. फक्त प्रोग्रामरची सही, आणि तिची एक प्रत त्याच्या सेवापुस्तकात. या पॅडचं चार वर्षांत एकही पान फाटलं नव्हतं.

"पिवळ्याला हात लावू नको," साहेब म्हणाले. "जूनमधी तुझ्या बढतीचं बघायचंय. पिवळा कागुद बघून वरचा माणूस विचारतंय, हा कोण शहाणा?"

बलभीमनं मान खाली घातली आणि गुलाबी कागद घेतला. खोलीतल्या खोलीत एक सही टाळण्यासाठी माणूस मुंबई ते खैरमाळ प्रवास करतो, हे त्याला तेव्हाही थोडं विचित्र वाटलंच. पण ठरावानं काम झालं तर चूक कुणाची हे कुणी विचारणारच नव्हतं. पंधरा दिवसांची रजा मंजूर झाली.

बार्शी सोडल्यावर एसटी रिकामी होत गेली. फेब्रुवारीचे दिवस, पण ऊन वैशाखातलं. बलभीम खिडकीशी पेंगत होता. पुढं रस्त्यावर पाणी साठल्यासारखं दिसे. बस जवळ गेली की ते आणखी पुढं सरके. मृगजळाचं बरं असतं, त्याच्या मनात आलं. त्याला विहीर काय आणि वस्ती काय, सगळीकडं सारखंच. मग डोळा लागला. त्यानं पाहिलं, की माळावरून एक टँकर चाललाय, आणि प्रत्येक झाडाशी थांबून ते झाड काही म्हणतंय का याची वाट बघतोय. झाडं काही म्हणत नव्हती. टँकर नम्रपणे मान लववून पुढं जात होता. "भूम, भूम!" कंडक्टर ओरडला. बलभीम एकदम उठून "हजर" म्हणाला.

काकूंनी त्याला पत्राबद्दल विचारलं नाही. आल्या माणसाला आधी पाणी द्यायचं, मग भाकरी. कामाचं तो स्वतः काढील तेव्हा. त्यांनी तांब्या पुढं केला. काठोकाठ भरलेला. तो तांब्या ओढा उतरून, ओढा चढून आलेला होता हे बलभीमला दिसत होतं. त्यानं दोन घोट घेतले आणि बाकीचं परत सारलं.

"आंघूळ कर की, बलभीमा. घंगाळात पानी हाय."

"मुंबईत करून आलोय, काकू."

हेच त्यानं तिसऱ्या दिवशीही सांगितलं. काकूंनी घंगाळावर ताट झाकलं. "लई टिकाऊ आंघूळ हाय बाबा मुंबईची," एवढंच म्हणाल्या.

ठराव घ्यायचा तर पंचायतीच्या कट्ट्यावर सभा. दवंडीचं काम श्रीपतीकडं होतं, आणि त्याला ते आवडे. "ऐका हो! बलभीम सरवदे मशीनीत शब्द घालाय आलाय! ज्याचा शब्द ऱ्हाईल त्यानं मागनं बोंब मारू नये!"

तिथंच सगळं फिसकटलं. दुष्काळानं माणसांना एक विद्या पक्की शिकवली होती: यादी. रोजगार हमीच्या मस्टरवर नाव लागलं तर काम. छावणीच्या यादीत बैल लागला तर कडबा. यादीत असणं म्हणजे मंजूर होणं. तेव्हा मुंबईचा माणूस वही घेऊन शब्द उतरवतोय, याचा अर्थ काय ते खैरमाळमध्ये कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती. एरवी वीस माणसं जमायची, त्या दिवशी कट्टा भरून पिंपळाचा पार भरला.

"माझा डोळा घाल," विठाबाई म्हणाली. ती गावातली सगळ्यात म्हातारी. तिचा नंबर पहिला, हे आपोआप ठरलं.

"आजी, हे टँकरचं यंत्र आहे. त्याला डोळा कळत नाही."

"मंग कळीव की! पगार कशाचा खातू?"

बलभीमनं लिहिलं: डोळा. नाही म्हणणं त्याला लहानपणापासून जमलं नव्हतं, आणि आता शिकायला वेळ योग्य नव्हती. मग कोंडिबानं जावयाची बदली घातली. कुणी बोअर घातली, कुणी एसटीचा थांबा. एकानं आपल्या भावाचं वागणं घालता येईल का असं विचारलं. बलभीम प्रत्येकाला समजावी, आणि समजावलं की माणसाची खात्री पटे की यात काहीतरी आहेच, उगीच एवढं बोलला नसता.

नानासाहेब खुर्चीवर होते. विकास सोसायटीचे चेअरमन. गावातला एकमेव टेलिफोन सोसायटीत होता आणि सोसायटी त्यांच्यात होती. "सरवदे," ते म्हणाले, "सोसायटीचं गोदाम घ्या बरं का. आन् वर घ्या. खालचं कोण वाचतंय!"

"नानासाहेब, याच्यात वर-खाली नसतं. शब्द कुठल्याही क्रमानं आला तरी यंत्र ओळखतं."

नानासाहेब खुर्चीत सरळ झाले. "म्हंजी चेरमनचा शब्द आन् कुनाचाबी शब्द सारखाच?"

"यंत्राला सारखाच."

"मंग मशीन काय कामाचं?"

लोक हसले. बलभीमला वाटलं आपल्याला हसले. घाम पुसून तो मूळ मुद्द्यावर आला, आणि जे मुंबईत त्याला कुणालाही धड सांगता आलं नव्हतं ते सांगू लागला. यंत्राला सगळं सांगून झालं की एक जागा उरते. जो काहीच बोलला नाही, त्याचं काय समजायचं, ते आधीच ठरवून ठेवता येतं.

आत्तापर्यंत कुणाला काही कळलं नव्हतं. हे मात्र सगळ्यांना एका दमात कळलं. खैरमाळमध्ये न बोलणाऱ्याचं काय समजायचं हे ठरवून ठेवण्याची रीत यंत्राच्या कितीतरी आधीची होती.

पाराच्या कडेला वस्तीच्या बायका उभ्या होत्या. त्यांतून कडूबाई काकू म्हणाल्या, "म्हंजी आमी गप ऱ्हायलो म्हणून पानी हिरीत गेलं?"

"तसंच काहीसं, काकू."

"आन् हे ठरीवलं कुनी?"

"मुंबईत ठरलं."

"मुंबईत कुनी? मुंबई काय मानूस हाय व्हय?"

"एका माणसानं," बलभीम म्हणाला. पेनाचं टोपण त्याच्या हातून पडलं. ते शोधायला तो खाली वाकला आणि गरजेपेक्षा जास्त वेळ वाकून राहिला.

"मंग त्या मानसाला सांग माझा निरोप," काकू म्हणाल्या. "म्हणावं, बाबा, तुला तुझ्या आईनं कधी वाटीनं घागर भरून पानी पाजलं नसंल. पाजलं असतं तर तुझ्या हातनं हे लिवलंच नसतं. मानूस वाईट नसंल त्यो. पर त्येला कुनीतरी सांगाय पायजे."

पुष्कळ शिव्या बलभीमनं आयुष्यात गिळल्या होत्या. वाईट नसेल, ही एवढीच त्याला उतरेना.

नानासाहेबांनी गळा साफ केला. "हिरीतलं पानी सगळ्यांचंच हाय की," ते म्हणाले. कुणी काही बोललं नाही, म्हणून ते संमत समजलं गेलं. टँकरचा ड्रायव्हर धुळाप्पा पाराला टेकून बिडी ओढत होता. तो म्हणाला, "माजं कायबी न्हाय. कागदात चंद्र लिवा, चंद्रावर वतीन."

ठराव झाला. सत्तेचाळीस शब्दांचा. 'वस्ती' सेहेचाळिसावा आला, 'भावाचे वागणे'च्या वर. तो घेऊन बलभीम तालुक्याला गेला. कचेरीतल्या कारकुनानं तो दोनदा वाचला. माणूस सज्जन होता, चहासुद्धा पाजला. पण पाणी असतं तर पाण्याच्या टेबलावर, चारा असता तर चाऱ्याच्या, हे शब्द होते, आणि शब्दांचं टेबल कचेरीत नव्हतं. खूप विचार करून त्यानं शेरा मारला: 'विषय शिक्षण खात्याकडे वर्ग.' शिक्षण खात्यातून आठवड्यानं पत्र आलं, की प्रस्तावित शब्दकोशास अनुदान उपलब्ध नाही. खैरमाळमध्ये ही बातमी वेगळीच पोचली. शब्द मंजूर झाले पण भूमच्या पुढं कुणीतरी खाल्ले. तो निघताना विठाबाई आजी त्याला म्हणाली, "निदान माझा तरी वाचवायचा हुतास."

परतीच्या एसटीत त्याला झोप लागली नाही.

सोमवारी सकाळी तो साहेबांच्या खोलीत गेला आणि पिवळ्या पॅडचं पहिलं पान फाडलं. चार वर्षांचा गोंद. पान सरळ फाटलं नाही, एक कोपरा पॅडला चिकटून राहिला. साहेब चष्मा कपाळावर घेऊन बघत राहिले.

"सरवदे, हे काय करतोस? 'यंत्रातला दोष' असं लिही की. सगळे तसंच लिहितात."

"यंत्रानं जागा ठेवली होती, साहेब. मी नको ते लिहिलं."

"बढती गेली म्हणून समज."

"होय, साहेब," बलभीम म्हणाला. त्याला वाईट वाटलं, आणि वाईट वाटूनसुद्धा सही नेहमीपेक्षा नीट आली.

आता गप्प राहणाऱ्याचं काय समजायचं? 'विहीर' खोडून 'वस्ती' लिहिलं तर विहिरीवरची माणसं कोरडी राहणार. त्यानं दुपारभर विचार केला आणि तो कोपरा रिकामाच सोडला. कुणी काही बोललं नाही तर यंत्राच्या हाती शून्य येई. शून्य आलं की थांबायचं, आणि विचारायचं: विहीर की वस्ती? नऊ ओळी वाढल्या. त्याच्या आयुष्यातलं तेवढंच लेखन त्याला कधी पुन्हा दुरुस्त करावंसं वाटलं नाही, असं तो पुढं म्हणे. अर्थात ते त्यानं चारच दिवसांत दुरुस्त केलं.

कारण यंत्र विचारू लागलं. पहिल्या गावाला थांबलं. दुसऱ्या गावाला थांबलं. चारशेच्या चारशे गावांना ते थांबून विचारत राहिलं, सासरी आलेल्या नव्या सुनेसारखं, कुठं ठेवू, कशात घालू. "मेलं भोचक झालंय," टर्मिनलवरच्या बाई म्हणाल्या. त्यांच्याकडच्या कागदांवर उत्तर नव्हतं, कारण आजवर कुणी प्रश्नच विचारला नव्हता. तक्ता निघेना. तक्ता नाही म्हणून दोन दिवस टँकर जागच्या जागी उभे राहिले. वरून फोन आले. ज्यांना यंत्र म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं त्यांनाही सरवदे म्हणजे कोण हे ठाऊक झालं. माणिकप्पा साहेबांनी त्याला फोनपाशी बसवलं. "तू विचारायला लावलंस ना? आता तूच विचार."

लाजाळू माणसाला याहून मोठी शिक्षा नाही. दोन दिवस बलभीम ट्रंक कॉल लावून अनोळखी माणसांना विचारत होता: विहीर की वस्ती? लोक आधी गोंधळत. मग हातानं फोन झाकून मागं विचारत, आणि मागून आवाज येत. तलाठी म्हणत, थांबा, बघून सांगतो. वस्ती आहे खरी. तारेतून सारखी खळखळ ऐकू येई. डोळे मिटले की बलभीमला वाटे, दूर कुठंतरी पाणी वाहतंय आणि त्याच्या काठाकाठानं माणसं बोलत चालली आहेत.

दुसऱ्या दिवशी दुपारी खैरमाळ लागलं.

"हॅलो! चेरमन बोलतोय! टँकर कुठं मेलाय?"

"मुंबईहून बोलतोय," बलभीमनं आवाज जाड केला. "पाणी कुठं ओतायचं? विहीर की वस्ती?"

"आं?"

"विहीर की वस्ती?"

नानासाहेबांनी फोन झाकला नाही. त्यांना ती सवय नव्हती. "मुंबई इचारतीया," ते मागं वळून म्हणाले, "हीर का वस्ती." दोन दिवस टँकरची वाट बघत सगळं गाव सोसायटीच्या दारात बसलं होतं. एकदम गलका झाला. हीर! हीर! मग त्यातून एक आवाज वर आला. तो बलभीमनं हजारात ओळखला असता.

"आरं इचारतोय तर सांगा की! दोन्ही म्हणा! आमी काय हिरीवरच्यांचं पानी तोडाय बसलोय का?"

गलका थांबला. तारेत नुसती खळखळ राहिली. तीन मिनिटं संपल्याचं एक्सचेंजच्या बाईंनी सांगितलं. मग नानासाहेब हळू आवाजात म्हणाले, "दोन्ही लिवा." आणि मग जरा संशयानं, "कोन बोलतंय हो?"

"मुंबई," बलभीम म्हणाला आणि फोन ठेवला.

दोन्ही लिहायला गेला तेव्हा लक्षात आलं, की दोन्ही लिहिता येत नाही. त्यानं ओळख करून दिली होती तीच अशी: विहीर किंवा वस्ती. एक आला की दुसऱ्याला दार बंद. इतके दिवस घालवून, बढती घालवून, काकूंनी एका दमात सांगितलेलं त्याला सुचलं नव्हतं. दोघांना वेगवेगळं उभं करायला हवं होतं, आपापल्या फेऱ्या घेऊन. तो पुन्हा साहेबांच्या खोलीत गेला. साहेबांनी कपाट उघडलं आणि पिवळं पॅड अख्खंच त्याच्या हातात दिलं.

"घरी घेऊन जा," ते म्हणाले. "जाऊन येऊन दमशील."

शुक्रवारी तक्ता छापून निघाला. कर्रकर्र करत कागदाची लांबलचक घडी बाहेर पडत होती आणि बलभीम एकेक गाव वाचत उभा होता. खैरमाळ आलं. विहीर, फेऱ्या दोन. वस्ती, फेरी एक. त्यानं ती ओळ बोटानं पुसून पाहिली. शाई ओली होती, बोट काळं झालं.

त्याच बोटांनी त्यानं दुपारच्या सुट्टीत पत्र लिहिलं. मसुदा केला नाही.

'कडूबाई काकूंस बलभीमचा जय भीम. मशीनला आपली वस्ती ठाऊक होती. मलाच सुचली नव्हती. तुमचा निरोप त्या माणसाला पोचला. तो माणूस मीच. आईनं पाजलं होतं, तरी लिहिलं. बुधवारी टँकर ओढा ओलांडून येईल. घागरी बाहेर काढून ठेवा. नाही आला तर धुळाप्पाला बोलू नका, मला बोला. पत्ता वर दिला आहे.'

पोस्टाच्या लाल पेटीशी तो बराच वेळ उभा राहिला. अर्धं पत्र आत, अर्धं हातात. 'मलाच' याऐवजी 'मला' लिहायला हवं होतं का? पोस्टमन पेटी उघडायला आला. पिशवी पसरून, किल्ली हातात घेऊन तो थांबला.

"साहेब, टाकताय का?"

"टाकलं," बलभीम म्हणाला, आणि मग पत्र सोडलं.